गल्लीत एचआयव्हीचं काम उभं करताना: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांसाठी

बारा वर्षांपूर्वी आमच्या मंडळानं गणपतीत एड्सवर सजीव देखावा केला होता. कॉटवर हाडं उरलेला पोरगा, उशाशी यमदूत, कोपऱ्यात बायकोचा हंबरडा आणि शेवटी कर्ण्यावरून आवाज: 'एक चूक, आयुष्य खाक!' गर्दी लोटली, बक्षीसही मिळालं. पण पाचव्या दिवसापासून गल्लीतल्या एक वहिनी आरतीला यायच्या बंद झाल्या. त्यांचे यजमान आधीच गेले होते. त्या आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा, दोघंही गोळ्या घेत होते, हे त्यांनी स्वतःच मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणाल्या, "रोज रात्री तुमचा कर्णा घरात ऐकू यायचा. पोरगं विचारायचं, आई, मी पण असाच मरणार काय?"

तेव्हापासून पोस्टर, भाषण, पथनाट्य काहीही असो, मी एकच कसोटी लावतो: हे वहिनींच्या घरात ऐकू गेलं तर काय होईल? ऐकणाऱ्या प्रत्येक गर्दीत एक तरी पॉझिटिव्ह माणूस बसलेला आहे असं धरूनच बोलायचं. खाली लिहिलंय ते सगळं या कसोटीवर घासून बघितलेलं आहे. तालीम मंडळ, महिला बचत गट, कॉलेजचं एनएसएस पथक, ग्रामपंचायत, ज्यांना वर्षभर नेटानं काम करायचंय त्यांच्यासाठी ते आहे.

आधी भेटा, मग ठरवा

बॅनर छापायला टाकण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जा. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र, आणि आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र, यांच्याशी ओळख करून घ्या. आपल्या तालुक्यात सगळ्यात जवळचं आयसीटीसी कुठल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आहे, तपासणी किती ते किती चालते, समुपदेशक कोण, हे वहीत लिहून घ्या. तुमच्या पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात लोक हेच विचारणार आहेत.

तिथं एक गोष्ट चुकूनही मागू नका: यादी. "आमच्या गावात किती आहेत, कोण आहेत?" हा प्रश्न समुपदेशकाला विचारणंच गैर आहे, आणि त्यांनी उत्तर देणं कायद्याविरुद्ध आहे. उलट आपला फोन नंबर त्यांच्याकडं ठेवा आणि सांगा, "आम्ही असं काम सुरू करतोय. ज्यांना वाटेल त्यांनी आम्हाला फोन करावा." कदाचित महिनाभर फोन येणार नाही. थांबायचं. आमच्याकडं पहिला फोन सातव्या आठवड्यात आला होता.

भेट ठरली की ती गावाबाहेर ठरवा. येणाऱ्याचा एसटीचा खर्च आणि बुडालेली हजेरी मोहिमेच्या पैशातून द्या. कामावर खाडा करून आलेल्या बाईला नुसता हार घालून परत पाठवणं बरं नाही. नियोजन समितीत एचआयव्हीसह जगणारी किमान दोन माणसं हवीत, आणि त्यांनी एखाद्या कार्यक्रमाला नाही म्हटलं तर तो होणार नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. इतिवृत्तात 'सदस्य' एवढंच लिहा, कोण पॉझिटिव्ह याची नोंद कुठंही नको.

शेजारच्या सांगलीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. संग्राम संस्थेनं 1992 पासून तिथं देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं आणि 1996 मध्ये त्या बायकांची स्वतःची वॅम्प ही संघटना उभी राहिली. एकमेकींना कंडोम देणं, दवाखान्यात सोबत जाणं, पोलीस चौकीत उभं राहणं, हे त्या स्वतः करू लागल्या. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांनाच पुढं येऊ दिलं की काम टिकतं.

तोंडात शब्द नीट बसवा

कार्यकर्त्यांचं किमान अर्ध्या दिवसाचं शिबिर घ्या. आयसीटीसीच्या समुपदेशकांना बोलवा, ते आनंदानं येतात. प्रत्येकाला न अडखळता सांगता यायला हवं ते असं:

एचआयव्ही चार वाटांनी पसरतो: असुरक्षित लैंगिक संबंध, संसर्गित रक्त, दूषित सुई-सिरिंज आणि आईकडून बाळाला. डास, एकत्र जेवण, एकाच घागरीचं पाणी, हात मिळवणं, एकच संडास, यांतून पसरत नाही. एचआयव्ही हा विषाणू, आणि उपचाराविना प्रतिकारशक्ती ढासळल्यावरची अवस्था म्हणजे एड्स. भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या मोफत मिळतात, आणि 2017 पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करायचं धोरण आहे. पूर्वी सीडी-फोरचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा, आकडा खाली यायची वाट बघत लोक ताटकळायचे, ते आता संपलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे गावात जवळपास कुणालाच माहीत नसतं: नियमित गोळ्या घेऊन ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेलाय की तपासणीत विषाणू सापडतच नाही आणि जो तसाच टिकून आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे वाक्य आम्ही पहिल्यांदा बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी तीनदा विचारून गेल्या, "खरंच काय?" शेवटी समुपदेशक ताईंनी सांगितल्यावर त्या डोळे पुसत उठल्या. आम्ही कुणीही त्यांना काही विचारलं नाही.

गरोदरपणाबद्दलही ठामपणे बोला. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. आईला वेळेत गोळ्या आणि बाळाला औषध मिळालं तर ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी आणि पक्का निकाल अठराव्या महिन्यात, हा हिशेब आशाताईंना पाठ असतो. त्यांना सोबत घ्या.

शब्दांच्या बाबतीत कडक राहा. 'एड्सग्रस्त', 'बळी', 'रोगी', 'बाहेरख्याली' हे शब्द बंद. 'एचआयव्हीसह जगणारे' किंवा सरळ 'पॉझिटिव्ह' म्हणा. आपल्याकडं आजही आडून 'मोठा आजार' म्हणतात. म्हणणाऱ्याला भर सभेत टोकू नका, पुढच्या वाक्यात आपण नीट शब्द वापरला की लोक आपोआप उचलतात. आणि 'तुला कसा झाला?' हा प्रश्न कार्यकर्त्यानं आयुष्यात कुणालाही विचारायचा नाही. उपचाराला त्या उत्तराचा उपयोग नाही आणि मैत्रीला तर नाहीच.

चहा

ही पायरी वेगळी लिहितोय, कारण ती सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त परिणाम करणारी आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा घेतला, त्या गावात कपाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक बैठकीत चहा ठेवा, घरच्या कपबशीत. कागदी कप आणू नका. वापरून फेकायचा कप आला की कुणी कुणाचा उष्टा कप विसळला हे दिसतच नाही, आणि दिसलं पाहिजे ते नेमकं तेच.

कुणाकडं कधी जायचं

एकच भाषण जिल्हाभर चालत नाही.

ऊसतोड टोळ्यांचं बघा. दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या येतात आणि कारखान्यांच्या तळावर, शेतांच्या कडेला खोप्या पडतात. पहाटे फडात गेलेला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, अंधार पडल्यावर परततो, मग चूल पेटते. सकाळी अकराचा कार्यक्रम ठेवलात तर तिथं फक्त म्हातारी माणसं आणि लेकरं भेटतील. म्हणून रात्री भाकऱ्या झाल्यावर जा, बायकांशी बायकांनी बोलावं, आणि मुकादमाला आधी विश्वासात घ्या, कारण खाडा झाला की तो पैसे कापतो. तिथं 'एचआयव्ही' या शब्दानं सुरुवात करू नका. पाठदुखी, अंगावरून पांढरं जाणं, लेकरांचा ताप यांपासून सुरू करा, बीपी बघा. मग सावकाश त्या विषयावर या. टोळीतल्या एखाद्याच्या गोळ्या गावाकडच्या केंद्रात सुरू असतील तर हंगामात त्या तुटायचा मोठा धोका असतो. उपचाराचं पुस्तक सोबत असेल तर इथल्या एआरटी केंद्रातून सोय लावता येते. हे टोळीतल्या सगळ्यांना एकत्र सांगा, म्हणजे कुणा एकाकडं नजर जात नाही. सहा महिन्यांच्या हंगामात या एका माहितीनं एखाद्याचा जीव राहतो, मी अतिशयोक्ती करत नाही.

इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी बदलताना गाडीवर चहा घेणारी पोरं दहा मिनिटं थांबतात. तेवढ्यातच बोलायचं, आणि हिंदीतही बोलता यायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत आधी व्यवस्थापनाला भेटा. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या ट्रकचालकांना धाब्यावर गाठा. मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्या जोगत्यांना भेटायचं तर त्यांच्यातल्याच कुणाला तरी सोबत घेऊन जा, त्यांच्या वाट्याला आलेली हेटाळणी मोठी आहे. कॉलेजात रेड रिबन क्लब असतात. पोरांना प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता विचारू द्या, म्हणजे खरे प्रश्न येतात.

तपासणी शिबिर

इथं उत्साह आवरा. मंडपात रांग लावून रक्त काढायचं आणि नावं पुकारून निकाल द्यायचे, असलं शिबिर न घेतलेलं बरं. तपासणी संमतीनंच होते, आधी आणि नंतर समुपदेशन व्हावं लागतं आणि निकाल त्या माणसालाच, एकट्याला मिळतो. समुपदेशनासाठी बंद दार असलेली खोली मिळत नसेल तर तपासणी ठेवू नका, फक्त माहिती द्या आणि जवळच्या आयसीटीसीचा पत्ता सांगा. सरपंचांनी "सगळ्या गावाची तपासणी करून टाकू" म्हटलं तरी नम्रपणे नकार द्या. सक्तीनं केलेली तपासणी बेकायदेशीर आहे.

बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि एचआयव्ही सगळं एकाच ठिकाणी ठेवलं तर आत गेलेला माणूस कशासाठी गेला हे कुणाला कळत नाही. निगेटिव्ह आलेल्याला सांगा की नुकताच धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. एका तपासणीत पॉझिटिव्ह आलं म्हणून कुणाला पॉझिटिव्ह ठरवायचं नसतं. तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्यावरच निदान पक्कं होतं, आणि ते केंद्राचं काम आहे. सुई टोचली, बलात्कार झाला, कंडोम फाटला अशा वेळी 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, दवाखाना गाठला तर 28 दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येतो. हे आकडे भिंतीवर लिहा. 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांकही लिहा.

गोळ्यांची बाटली

वहिनींच्या घरी मी ती बाटली पहिल्यांदा नीट बघितली. पांढरी प्लास्टिकची, महिन्याच्या तीस गोळ्या, रोज एक. लेबल नखानं खरवडून काढलेलं. आत वर कापसाचा बोळा. "कापूस कशाला?" मी विचारलं. त्यांनी बोळा काढला आणि बाटली हलवली. गोळ्या खडखड वाजल्या. "एसटीत पिशवीत वाजतात. शेजारची बाई विचारती, कसल्या गोळ्या?"

आपल्या मोहिमेला ही खडखड ऐकू आली पाहिजे. एआरटी केंद्राच्या अलीकडच्या स्टॉपवर उतरून चालत जाणारी माणसं आहेत, औषध आणायच्या दिवशी 'अंबाबाईला चाललो' सांगून निघणारी आहेत. म्हणून पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्यानं मोहिमेचा टी-शर्ट घालून कुणाच्या दारात जाऊ नये. फोनवर 'एआरटी' म्हणू नये, 'ताई, त्या कामाचं झालं का' एवढंच. गोळ्या तुटल्या असतील तर दटावू नका, का तुटल्या ते विचारा. बहुतेकदा कारण प्रवासाचं असतं, नाहीतर घरात लपवायला जागा नसल्याचं. खोकला असेल, मग तो कितीही दिवसांचा असो, तर क्षयरोगाची तपासणी मात्र लांबवू देऊ नका.

हक्क मोडला तर

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर, सार्वजनिक सोयी यांत भेदभाव करायला तो मनाई करतो. नोकरी देताना किंवा शाळेत घेताना एचआयव्हीची तपासणी मागता येत नाही. लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. पॉझिटिव्ह माणसाबरोबर राहणाऱ्या घरच्यांनाही हे संरक्षण आहे. नवरा गेल्यावर सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रकार आपल्याकडं होतात. राहत्या घरात राहायचा हक्क या कायद्यानं तिला दिला आहे. बोलून, लिहून किंवा मोबाइलवर पुढं पाठवून एचआयव्हीसह जगणाऱ्यांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तिथं न्याय मिळाला नाही तर राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडं जाता येतं. लोकपालानं 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि जिवाशी गाठ असलेल्या वैद्यकीय प्रसंगात शक्यतो 24 तासांत. तो आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड आणि पुढं दिवसाला पाच हजारांपर्यंत. अर्ज कुठं द्यायचा ते जिल्हा पथकाकडून लिहून घ्या.

तक्रार लिहिताना शिव्याशाप नकोत. तारीख, वेळ, जागा लिहा. कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत लिहा, 'अपमानास्पद बोलले' असं मोघम लिहू नका. केसपेपरची झेरॉक्स जोडा. केसपेपरवर लाल शाईनं काही लिहिलं असेल, कॉटला पाटी लावली असेल तर फोटो काढून ठेवा. शेवटी काय हवंय ते स्पष्ट मागा: शस्त्रक्रिया, माफी, पुन्हा कामावर घेणं. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगारांना तो मोफत असतो. त्यांची हेल्पलाइन 15100. न्यायालयात नाव झाकून, टोपणनावानं प्रकरण चालवायची मागणी करता येते, ती पहिल्याच दिवशी करा.

आता आमची चूक. एका शाळेत एका मुलाला वेगळं बसवलं, पाण्याची बाटली वेगळी आणायला सांगितली. आम्ही वीसजण घोषणा देत शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी तासाभरात माफी मागितली आणि आम्ही जिंकल्यासारखे परतलो. पण तोवर मुलगा कोण हे अख्ख्या गावाला कळलं होतं. दोन महिन्यांत आईनं त्याला काढून मामाच्या गावी नेलं. तेव्हापासून क्रम ठरवला. आधी आई आणि मूल काय म्हणतात ते ऐकायचं. मग समुपदेशकांना घेऊन, मुलाचं नाव न घेता, सगळ्या शिक्षकांचं शिबिर. मग एकट्या मुख्याध्यापकांशी बंद दाराआड बोलणं. मग लेखी अर्ज. मोर्चा शेवटी, आणि तोही घरच्यांनी मागितला तरच.

ग्रामसभेचा ठराव

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पुढं राज्य सरकारनं तोच इतर गावांपुढं ठेवला. गावानं ठरवलं तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. तसाच ठराव एचआयव्हीबद्दल करून घ्या: गावात शाळा, पाणवठा, देऊळ, रेशन, अंत्यविधी यांत भेद होणार नाही, आणि कुणाची माहिती उघड केली जाणार नाही. चर्चा 'आपल्या गावातल्या पेशंटबद्दल' होऊ लागली तर सभा तिथंच थांबवा. एचआयव्हीनं नवरे गेलेल्या कितीतरी बायकांना हळदीकुंकवातून दोनदा बाहेर ठेवलं जातं, एकदा विधवा म्हणून आणि एकदा 'त्या आजाराची' म्हणून. हे दोन्ही ठराव एकाच सभेत घ्या.

कागदपत्रं, पैसे, प्रसिद्धी

संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. पालक पॉझिटिव्ह असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एसटीची प्रवास सवलत आहे. रेशनला अंत्योदयचं कार्ड गरिबांना मागता येतं. गर्दीच्या वेळी तलाठी कार्यालयात 'कुठला आजार?' असं मोठ्यानं विचारलं जातं, म्हणून सोबत जा आणि कागद उलटा करून हातात द्या.

पैशाचा हिशेब भिंतीवर लावा. देणगीदाराला लाभार्थ्यांबरोबर फोटो हवा असेल तर देणगी परत करा. मुलांचे फोटो तर कुठंच नकोत, डोळ्यांवर काळी पट्टी मारूनही नकोत. गावातलं माणूस दप्तरावरून, चप्पलवरून ओळखतं. पत्रकाराला मुलाखत हवी असेल तर बातमी छापण्याआधी ती त्या व्यक्तीला वाचून दाखवायची अट घाला. 1 डिसेंबरची फेरी काढाच, बिंदू चौकातून दसरा चौकापर्यंत, पण तिचा खर्च वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या भागावर जाऊ देऊ नका.

यंदा आमचं मंडळ पुन्हा देखावा करतंय. संहिता लिहून झाली आणि सगळ्यांत आधी वहिनींना वाचायला दिली. त्यांचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, आवाज तोच देणार आहे. त्या दोन दिवसांनी वही घेऊन आल्या. एकच ओळ खोडली होती: 'चला, निष्पाप बालकांना वाचवूया.' मी म्हटलं, यात काय वाईट आहे वहिनी? त्यांनी पेन माझ्या हातात दिला. "पोरगं निष्पाप. मग मी कोण?"